टॅब कोणता ते नंतर, आधी तास कोणता ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. राजापूर तालुक्यात किनाऱ्याकडच्या एका गावाचं मुंबईत मंडळ आहे. गावच्या जिल्हा परिषद शाळेत पहिली ते पाचवी मिळून २३ मुलं आणि दोन शिक्षक. मंडळाने दीड लाख रुपये जमवलेत आणि गणपतीला गावी जाताना शाळेला वीस टॅब द्यायचं ठरतंय. कोणते टॅब घ्यावेत, त्यात कोणतं ॲप टाकावं, गावात रेंज जवळजवळ नाहीच त्याचं काय करावं, असं विचारलंय. शिवाय खजिनदारांचं मत असं की मुलांच्या हातात वस्तू दिली की ती आपोआप शिकतात, शिक्षकांच्या मागे लागायला नको.

वीस टॅब घेऊ नका. पाच पुरतात, आणि दीड लाखातला एक तृतीयांश भाग त्यांच्यावर खर्च झाला की थांबा. मी बरीच वर्षं प्राथमिक शिक्षिका होते. पुढे गटसाधन केंद्रात, म्हणजे शाळांना मार्गदर्शन करणाऱ्या सरकारी केंद्रात, विषय साधनव्यक्ती म्हणून रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनारपट्टीच्या शाळांमधून फिरले. लोकवर्गणीतून आलेल्या वस्तूंचं पुढे काय होतं, ते जवळून पाहिलंय.

कोणता टॅब, हा तुमचा खरा प्रश्न नाहीच. खरा प्रश्न त्या दोन शिक्षकांच्या दिवसात दडलेला आहे. पाच इयत्ता आणि दोन माणसं. त्यातलं एक माणूस बैठकीला, मतदार यादीच्या कामाला नाहीतर पोषण आहाराच्या नोंदी भरायला गेलं की उरलं एक. बाई दुसरीच्या मुलांना हातच्याची बेरीज समजावत असतात तेव्हा पाचवीची मुलं काय करत असतात? पाढे लिहितात. काल लिहिले तेच. दोनशिक्षकी शाळेतलं मूल दिवसातला मोठा वेळ नुसतं आपली पाळी यायची वाट बघत असतं. त्यातच चौथीतलं एखादं मूल अजून जोडाक्षरात अडकलेलं असतं, आणि पुस्तक मात्र चौथीचं उघडून बसलेलं असतं.

या वाट बघण्याच्या वेळेत टॅबला जागा आहे. बाई शिकवत असतात त्या वेळेत नाही. सगळं उत्तर या एका फरकावर उभं आहे, म्हणून जरा खोलात जाते.

गुजरातमध्ये ज्ञानशाळा नावाच्या संस्थेच्या वर्गांत गणिताच्या संगणक कार्यक्रमाची दोन प्रकारे चाचणी झाली होती. एका ठिकाणी मुलं शाळेच्याच वेळात, शिक्षिकेच्या तासाऐवजी संगणकावर बसली. दुसऱ्या ठिकाणी शाळा सुटल्यावर, जादा वेळ म्हणून बसली. कार्यक्रम तोच, यंत्रंही तीच. जादा वेळ मिळालेल्या मुलांना फायदा झाला, कच्च्या मुलांना जास्त. तासाऐवजी बसवलेली मुलं मात्र मागे पडली, कारण त्यांचा चांगला चाललेला तास काढून घेतला गेला होता. वडोदऱ्यात चौथीच्या मुलांना आठवड्याला फक्त दोन तास, एका संगणकावर दोघं, असे गणिताचे खेळ दिले होते. तिथे गणितात चांगली वाढ दिसली. आठवड्याला दोन तास आणि एका यंत्रावर दोन मुलं, हे आकडे मंडळाच्या बैठकीत जरूर वाचून दाखवा, वीस टॅबांचा हट्ट निम्मा तिथेच उतरेल.

उलट बाजूही बघा. प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप, ही कल्पना जगभर गाजली. आपल्या रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराटच्या शाळेत २००७ साली तिचा भारतातला पहिला प्रयोग झाला. पेरू देशाने असे आठ लाखांहून जास्त लॅपटॉप वाटले. नंतर पाहणी झाली तेव्हा मुलांना लॅपटॉप चांगले हाताळता येत होते, पण गणितात आणि भाषेत फरक पडलेला नव्हता. वस्तू शाळेत पोचली, शिकवणं होतं तसंच राहिलं.

खजिनदारांचं म्हणणं अगदीच निराधार नाही. १९९९ साली दिल्लीत कालकाजीला सुगता मित्रा या संशोधकांनी भिंतीत संगणक बसवला आणि वस्तीतली मुलं कुणी न शिकवता तो चालवायला लागली. त्या प्रयोगाची काही केंद्रं आपल्या सिंधुदुर्गातही झाली होती. मुलं यंत्र चालवायला आपोआप शिकतात हे खरंच आहे, तुमच्या घरातली चार वर्षांची नात मोबाइलवर तेच करत असणार. पण जोडाक्षर वाचणं आणि हातचा धरणं आपोआप येत नाही. त्यासाठी चुकलं कुठे ते सांगणारं कुणीतरी शेजारी लागतं.

ते कुणीतरी कधी कधी सॉफ्टवेअर असू शकतं. दिल्लीत २०१५ साली साधारण सहावी ते नववीच्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात मूल ज्या पातळीवर आहे तिथूनच प्रश्न देणाऱ्या कार्यक्रमाने साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीतही चांगली मजल मारली. सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती आणि कार्यक्रम त्यांना सहावीचं नाही, त्यांच्या पातळीचं गणित देत होता. पण तिथेही निम्मा वेळ लहान गटात माणूस शिकवत होता, आणि केंद्रात वीज, नेट, दुरुस्ती सगळं हाताशी होतं. तुमच्या गावातल्या शाळेत ते तसंच्या तसं उतरणार नाही. त्यातलं उचलायचं ते एवढंच, की मुलाची इयत्ता बघू नका, पातळी बघा.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगते, कारण मी तुमची शाळा पाहिलेली नाही. शिक्षक किती टिकणार, हे पहिलं. आपल्याकडे बरेच गुरुजी घाटावरचे, आंतरजिल्हा बदलीच्या रांगेत असलेले. त्यात त्यांचा दोष नाही, घरापासून चारशे किलोमीटर लांब माणूस किती वर्षं काढेल? पण सगळं एकाच शिक्षकाच्या हौसेवर उभं केलं, तर बदलीच्या आदेशाबरोबर ते संपतं. दुसरं म्हणजे कपाटात आधीच काय आहे. २०१५ नंतर 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या शासनाच्या कार्यक्रमाच्या काळात शाळा डिजिटल करायची मोठी लाट आली, गावोगावी वर्गणीतून प्रोजेक्टर आणि टीव्ही आले. तुमच्या शाळेच्या लोखंडी कपाटातही एखादा असण्याची दाट शक्यता आहे. तो चालत असेल तर नवा टीव्ही घेऊ नका, आणि बंद असेल तर का बंद पडला ते विचारा, कारण तुमच्या टॅबांवरही तीच वेळ येणार आहे. तिसरं, गावात दिवसाचे दोन तास देऊ शकेल असं बारावी झालेलं कुणी आहे का, एखादी मुलगी किंवा सून. माझ्या हिशेबात हे टॅबपेक्षा महत्त्वाचं.

समजा असं कुणी आहे. मग मी तास कसा लावते ते सांगते. आधी प्रत्येक मुलाला एकटं जवळ बसवून वाचायला द्यायचं: अक्षरं, मग साधे शब्द, मग पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. 'असर' या मुलांच्या वाचन-गणिताच्या देशभरच्या पाहणीत २००५पासून हीच पद्धत आहे. एका मुलाला पाच-सात मिनिटं लागतात, दोन दिवसांत शाळा होते. मग इयत्ता बाजूला ठेवून तीन गट करायचे. अक्षर-शब्दात अडकलेला गट एरवी बाईंकडे, कारण त्यांना माणूस लागतं. परिच्छेद वाचणारा गट त्या बारावी झालेल्या ताईकडे. गोष्ट वाचणारी मुलं दोन-दोनच्या जोडीने टॅबवर. दर आठवड्याला टॅबचा गट फिरता ठेवायचा, नाहीतर हुशार मुलांनाच यंत्र मिळतं आणि बाकीची कोपऱ्यातून बघत राहतात. अक्षरगटातल्या मुलांनाही टॅब द्यायचा, फक्त त्यांच्या शेजारी कुणी तरी बसलेलं हवं. दोघांत एक टॅब असला की त्यांच्यात भांडण होतं, आणि त्या भांडणात 'अरे असं नाही, असं' हे वाक्य येतं. मला ते वाक्य हवं असतं. हातात एकेक टॅब असलेली मुलं गप्प बसून बोटं फिरवतात.

टॅबवर काम झालं की शेवटची दहा मिनिटं वहीत. गोष्ट वाचली असेल तर आपल्या शब्दांत तीन ओळी, गणित असेल तर त्यातलं एक कागदावर. हे केलं नाही तर मूल खेळलं की शिकलं ते कुणालाच कळत नाही, मुलालाही नाही.

टॅबमध्ये काय भरायचं? रेंज नसणं इथे तितकं नडत नाही, सगळं मुंबईत उतरवून मेमरी कार्डावर न्या. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत, मोफत उतरवता येतात आणि छापायलाही परवानगी आहे. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमागचे व्हिडिओ शासनाच्या दीक्षा ॲपमध्ये उतरवून नेटशिवाय चालतात. पण ते मोजकेच घ्या, कारण व्हिडिओ बघणारं मूल पुन्हा ऐकतच बसलेलं असतं. आकड्यांच्या खेळांसाठी जीकॉम्प्री नावाचं ॲप आहे: मोफत, जाहिराती नाहीत, नेट लागत नाही. छोट्या संगणकावरून सगळ्या टॅबना मजकूर पुरवणारी कोलिब्रीसारखी प्रणालीही चांगली आहे, पण पाच टॅबांसाठी तो पसारा मांडू नका, सांभाळणारं गेलं की अडतं. यूट्यूब आणि बाकी सगळं काढून टाका.

या सगळ्याहून मला आवडणारा वापर म्हणजे रेकॉर्डिंग. आपल्या मुलांची घरची बोली पुस्तकातली नसते. कुणाची संगमेश्वरी, कुणाची मालवणीकडे झुकलेली, बंदरावरच्या मुस्लिम घरांत आणखी वेगळी. पहिलीतलं मूल शाळेत गप्प असतं ते बऱ्याचदा यामुळे, डोकं कमी म्हणून नाही. मोठ्या मुलांनी टॅब घरी नेऊन आजीची गोष्ट, देवाला घालतात ते गाऱ्हाणं, मासे ओळखायची रीत असं काहीतरी रेकॉर्ड करायचं. वर्गात ते ऐकून आधी आजीच्याच भाषेत चार ओळी लिहायच्या, मग पुस्तकी मराठीत. लहान मुलांसाठी ते छापून त्यांचं वाचनपुस्तक करायचं. लिहिणं, ऐकणं, दोन भाषांतला फरक कळणं, सगळं त्यात येतं. पैसे जातात फक्त छपाईचे.

आता पाऊस. टॅब विकणारा याबद्दल काही सांगणार नाही. जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि बाराही महिने खारा वारा. चार्जिंगच्या पिना हिरव्या पडतात, टीव्हीच्या पाठीमागे ओल धरते, वायरी उंदीर कुरतडतात, इन्व्हर्टरमध्ये पाल शिरून सगळं बंद पडतं. पूर्वी कपाटात पिवळा बल्ब लावून ठेवायचे. एलईडी लावून तो उपयोग होत नाही, त्यात ऊब नसते. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. रंग बदलणारं जेल घेतलंत तर नारिंगी घ्या, निळं नको, आणि ते परत सुकवायचं तर स्वयंपाकाचं भांडं वापरू नका. पण यापेक्षा मोठा उपाय म्हणजे रोज वापरणं. रोज चालणारा टॅब गरम होतो, कोरडा राहतो. कपाटात जपून ठेवलेला आधी मरतो. मेच्या सुट्टीत तो पूर्ण रिकामा सोडला तर जूनमध्ये बॅटरी खराब झालेली सापडू शकते. सुट्टी लागताना अर्धा चार्ज करून बंद करायचा, मध्ये एकदा बघायचा.

विजेचं दुखणं वेगळंच. आपल्याकडे कडकडाट मुख्यत्वे मेअखेर-जूनच्या सुरुवातीला आणि मग परतीच्या पावसात. तेव्हा शाळा सुटताना प्लग काढायचा, डिशची वायरही काढायची. लोक प्लग काढतात आणि डिशची वायर विसरतात. अर्थिंग तपासून घ्या. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, उन्हाळ्यात जमीन खडखडीत कोरडी होते आणि अर्थिंग असून नसल्यासारखं होतं. मुलं खिचडी खाऊन हात धुतात, ते पाणी जिथे जातं तिथे अर्थिंगचा खड्डा घ्यायला सांगा, बारा महिने ओल राहील. आणि लाइट नसतानाही तास चालला पाहिजे अशीच आखणी करा. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर मंडणगड-दापोलीकडे कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती, पुढच्या मेमध्ये तौक्ते आलं. टॅबचं टीव्हीपेक्षा हे बरं आहे: रात्री कुणाच्या घरी चार्ज झाला की दिवसभर चालतो.

अजून एक अडसर आहे, तो बाहेरून दिसत नाही. वस्तू शाळेला दिली की ती डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत चढते. फुटली, हरवली तर जबाबदार मुख्याध्यापक. मग शहाणा मुख्याध्यापक काय करेल? कुलूप लावेल. मी त्यांना नावं ठेवत नाही, मीही तेच केलं असतं. म्हणून देतानाच शाळा व्यवस्थापन समितीत ठराव करून घ्या: वापरताना खराब झालं तर दुरुस्ती मंडळ करेल, शिक्षकाकडून वसुली नाही. हा कागद टॅबच्या खोक्यापेक्षा मोलाचा. ठरावाची भाषा केंद्रप्रमुखांना, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना दाखवून घ्या. आणि हार-फुलं घालून मोठा उद्घाटन समारंभ करू नका. जितका मोठा समारंभ, तितकी वस्तू 'चांगली ठेवायची' होते.

पैशांचा हिशेब साधारण असा धरा. पाच टॅब, कव्हर आणि मेमरी कार्डासकट पन्नास हजार. मॉडेल दर काही महिन्यांनी बदलतात म्हणून नाव सांगत नाही. मेमरी कार्डाची खाच असावी, पडदा आठ ते दहा इंच, आणि पडदा फुटला तर रत्नागिरीत बदलून मिळतो ना, हे दुकानात विचारून घ्या. ताईचं मानधन महिना अडीच हजार, वर्षाचे दहा महिने, दोन वर्षं: पन्नास हजार. अर्थिंग, सर्ज प्रोटेक्टर, छोटा इन्व्हर्टर: वीस. गोष्टींची छपाई: दहा. उरलेले वीस दुरुस्तीला, मंडळाच्या खात्यातच ठेवा. मानधनाला सभासद कुरकुर करतील, कारण त्यावर देणगीदाराचं नाव लिहिता येत नाही. तरी त्याला कात्री लावू नका. शासनाचं शाळा अनुदान इतक्या लहान पटाला वर्षाला दहा हजारांच्या घरात असतं, त्यातून खडू, बिल आणि किरकोळ डागडुजी भागली तरी पुष्कळ.

केनियात किसुमू भागात तीन पर्याय ताडून पाहिले होते: ई-रीडर (पुस्तकं वाचायचं यंत्र) मुलांना, टॅब शिक्षकांना, किंवा टॅब फक्त शाळांना भेट देऊन मार्गदर्शन करणाऱ्यांना, म्हणजे आपल्या केंद्रप्रमुखांसारख्यांना. वाचनातली सुधारणा तिन्हींत जवळपास सारखी निघाली आणि शेवटचा पर्याय अर्थातच सगळ्यात स्वस्त होता. तुमच्या एका शाळेला ते लागू नाही, पण मुलाच्या हातात किती यंत्रं, यावर सगळं मोजायची सवय त्यामुळे सुटते.

आता एक गोष्ट, जिला दीड लाखातला एक रुपयाही लागत नाही. २०२०मध्ये शाळा बंद असताना बोट्स्वानात मुलांच्या घरी आठवड्याला एक फोन करायचे, पंधरा-वीस मिनिटांचा. मूल आणि पालक दोघं ऐकत, फोनवर दोन-चार गणितं होत, आणि सोबत एक एसएमएस. नुसत्या एसएमएसने फारसं काही झालं नाही, फोनने झालं. पुढे भारत, नेपाळ, केनिया, युगांडा, फिलिपिन्समध्येही असा प्रयोग झाला आणि तिथेही उपयोग दिसला. फोन साधाच, इंटरनेट नको. तुमच्या मंडळात शिकलेली, नोकरी करणारी माणसं आहेत आणि शाळेत फक्त २३ मुलं आहेत. प्रत्येकाने एक मूल वाटून घ्यायचं. शक्यतो आपल्याच वाडीतलं, म्हणजे 'तू कुणाचा रे?' यात पाच मिनिटं जाणार नाहीत. घरात रेंज नसेल तर वेळ ठरवून घ्या, आई सड्यावर किंवा देवळाजवळ घेऊन जाईल, माणसं एरवीही फोनला तिथेच जातात. मुलाला येतंय त्याच्या एक पायरी पुढचं गणित, आणि चुकलं तर ओरडायचं नाही. इंग्रजी शिकवायला जाऊ नका.

मात्र पहिला फोन मुलाला करू नका, शाळेतल्या बाईंना करा. टॅब हा शब्द काढू नका. दुसरीच्या पातळीची गोष्ट न अडखळता वाचणारी मुलं किती, अक्षरात अडकलेली किती, लाइट सरासरी किती वेळ असतो, कपाटात काय काय आहे आणि दिवसातला कोणता तास सगळ्यात वाया जातो, एवढंच विचारा. शेवटच्या प्रश्नावर त्या आधी जरा थांबतील, मग बरंच बोलतील. ते लिहून इथे टाका, मेमरी कार्डावर काय काय भरायचं त्याची यादी मी त्यावरून करून देते.